स्टॉपच्या पाटीपाशी: थांबायचं कुठे, बघायचं कसं, निघायचं केव्हा

नुकतीच गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, लाल अष्टकोनी पाटी दिसली की काय करायचं? ‘थांबायचं’ हे उत्तर लगेच येतं. नेमकं कुठे थांबायचं, किती वेळ, आणि थांबून करायचं काय, असं पुढे विचारलं की गाडी अडखळते. पाटीवर शब्द एकच, पण तो नीट पाळायला पाच-सहा गोष्टी ओळीने जमाव्या लागतात. त्यांतली ब्रेक दाबणं ही सगळ्यात सोपी. न थांबता चौकात घुसणाऱ्यांचे अपघात होतातच. पण व्यवस्थित थांबून, बघितल्यासारखं करून निघालेल्यांचेही होतात. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या गटासाठी आहे, कारण नवा चालक सहसा त्याच गटात असतो. तो नियम मोडत नाही. थांबल्यानंतरचा वेळ कसा वापरायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक खुलासा आधीच करतो. पुढे डावी-उजवी बाजू येईल तिथे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते असं धरलं आहे. तुम्ही उजवीकडून चालणाऱ्या देशात असाल तर बाजू उलट करून वाचा. अपवाद फक्त एका नियमाचा आहे, तो त्या जागी सांगेन.

पाटी काय सांगते

अमेरिकेत १९१५ साली डेट्रॉइटमध्ये स्टॉपची पहिली पाटी लागली, तेव्हा ती पांढरी आणि चौकोनी होती, अक्षरं काळी. १९२०च्या दशकात तिला आठ बाजू मिळाल्या. त्यामागचा हिशेब गमतीचा होता: धोका जितका मोठा, तितक्या पाटीला बाजू जास्त. रेल्वे फाटकासाठी गोल पाटी, म्हणजे जणू असंख्य बाजू. तिच्या खालोखाल अष्टकोन. रंग मात्र बरीच वर्षं पिवळा होता, कारण उन्हापावसात टिकणारा लाल रंग तेव्हा मिळत नसे. अमेरिकेत लाल पाटीवर पांढरी अक्षरं हे रूप १९५४मध्ये ठरलं. पुढे १९६८च्या व्हिएन्ना करारात अष्टकोनाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आज मेक्सिकोत त्या पाटीवर ‘आल्तो’ लिहिलेलं असतं, क्वेबेकमध्ये ‘आरे’, तुर्कस्तानात ‘दुर’. भाषा येत नसली तरी आकार वाचता येतो. मोठा अपवाद जपानचा, तिथे स्टॉपची पाटी म्हणजे टोक खाली असलेला लाल त्रिकोण.

या आकाराचा चालकाला एक प्रत्यक्ष उपयोग होतो, आणि तो फार थोडे जण करतात. अष्टकोन मागूनही ओळखू येतो. चौकात थांबल्यावर आडव्या रस्त्याच्या कडेला पाटीची पाठ दिसते का बघा. आठ कोनांची पाठ दिसली तर त्या रस्त्यावरच्या गाड्यांनाही थांबायचं आहे. दिसली नाही तर ती वाहतूक थांबणार नाही असंच धरून चाला. पाटीखाली ‘चारही बाजू’ अशा अर्थाची छोटी पट्टी असेल तर प्रश्नच मिटला. पण पट्टी नसताना ‘तेही थांबतील’ असं गृहीत धरणं ही या चौकातली सगळ्यात महाग चूक आहे.

टोक खाली असलेला, लाल काठाचा पांढरा त्रिकोण वेगळा. तो सांगतो, दुसऱ्याला वाट द्या. रस्ता मोकळा दिसत असेल तर वेग कमी करून जाता येतं. स्टॉपच्या पाटीला ही सवलत नाही. रात्रीचे दोन वाजलेत, मैलभर चिटपाखरू नाही, तरी चाकं थांबली पाहिजेत. ही पाटी बहुधा अशा ठिकाणीच लावतात जिथे चालत्या गाडीतून आडवा रस्ता पुरेसा दिसत नाही. म्हणजे ‘दिसतंय की मोकळं’ हा तुमचा अंदाज ज्या जागी फसतो, नेमकी तीच जागा.

पहिली पायरी: लांबूनच तयारी

पाटी दिसली की आधी मधल्या आरशात बघा. मागची गाडी अंगावर चढल्यासारखी येत असेल तर तिला वेळ द्यायला हवा, म्हणून ब्रेक लवकर आणि हलका सुरू करा. मागचे लाल दिवे लागले की मागच्याला निरोप पोचतो. वळायचं असेल तर इंडिकेटरही आताच. थांबल्यावर लावलेला इंडिकेटर समोरच्याला उशिरा कळतो, आणि मागून कडेने येणाऱ्या सायकलवाल्याला तर कळतच नाही.

अंतराचा अंदाज असू द्या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पाटी डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर २१ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकला आणखी १४ मीटर तरी लागतात. एकूण ३५ मीटर, म्हणजे आठ-नऊ मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर होते तेवढी लांबी, आणि तीही जोराने ब्रेक दाबून. आरामात, आतल्या माणसांची डोकी न हलवता थांबायचं तर याच्या दुप्पट जागा हाताशी ठेवा. रस्ता ओला असेल तर आणखी.

ब्रेकचा दाब सुरुवातीला वाढवत न्या आणि शेवटच्या मीटरभरात किंचित सैल करा. नवे चालक नेमकं उलटं करतात: आधी नुसता पाय टेकवतात आणि ऐनवेळी दणका देतात. क्लचची गाडी असेल तर वेग उतरत जाईल तसा गिअर खाली, आणि गाडी थांबण्याच्या बेताला क्लच पूर्ण आत. लांबूनच क्लच दाबून गाडी घरंगळत आणू नका. इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

दुसरी पायरी: थांबणं म्हणजे थांबणं

चालायच्या वेगाने सरकत जाणं, मान वळवणं आणि पुन्हा अॅक्सिलरेटर दाबणं, याला बरेच जण थांबणं म्हणतात. कायद्याच्या लेखी ते थांबणं नाही. गाडी खरोखर थांबली हे ओळखायची खूण शरीराला कळते. ब्रेक लागताना गाडीचं नाक खाली जातं, आणि चाकं थांबली की ती हलकेच मागे टेकते. तो छोटासा मागे यायचा झोका जाणवला की थांबलात. पहिले काही महिने त्याची वाट बघायची सवय लावा.

किती सेकंद थांबायचं? शिकवणारे बरेचदा तीन सांगतात. बहुतेक देशांच्या नियमांत असा आकडा नाही. पूर्ण थांबायचं आणि सुरक्षित असेल तेव्हाच निघायचं, एवढंच आहे. तीनचा आकडा मला वाईट वाटत नाही, पण त्याने एक खोड लागते. माणूस ‘एक, दोन, तीन’ मोजतो आणि निघतो, आणि मोजण्यात लक्ष गेल्यामुळे बघायचं राहून जातं. मोकळ्या जागी स्वच्छ दिसत असेल तर दोन सेकंद पुरतात. कुंपण, उभा ट्रक, झाडी आडवी आली तर दहाही कमी पडतात.

तिसरी पायरी: नेमकी जागा

रस्त्यावर आडवी जाड पांढरी रेषा असेल तर तिच्या अलीकडे. रेषा नसून पायी ओलांडायचे पट्टे असतील तर पट्ट्यांच्या अलीकडे. दोन्ही नसतील तर आडव्या रस्त्यात नाक न घालता जिथून तो दिसेल तिथे. पाटी ज्या खांबावर आहे तिथेच थांबायचं असा काही नियम नाही. पाटी बरेचदा रेषेच्या थोडी मागे किंवा पुढे असते.

चालकाच्या जागेवरून रेषा बॉनेटखाली कधी नाहीशी होते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. रिकाम्या जागी एकदा थांबा, खाली उतरून बघा. बहुतेकांना धक्का बसतो: रेषेला टेकलो असं वाटत असतं आणि गाडी दीड-दोन मीटर मागेच उभी असते.

आता अडचण अशी की रेषेपाशी थांबल्यावर पुष्कळदा काहीच दिसत नाही. भिंत असते, नाहीतर कोपऱ्यावर कुणी गाडी लावलेली असते. अशा वेळी दोनदा थांबायचं. पहिल्यांदा रेषेपाशी, पायी चालणाऱ्यांसाठी. मग क्लच अर्धवट सोडून, ब्रेकवर पाय तयार ठेवून, हातभर-हातभर पुढे सरकायचं आणि दोन्ही बाजू दिसू लागतील तिथे पुन्हा थांबायचं, गाड्यांसाठी. रेषा सोडून थेट दुसऱ्या जागी थांबणारे चालक पट्ट्यांवर उभे राहतात, आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन आलेल्या माणसाला तुमच्या बॉनेटला वळसा घालून रहदारीत उतरावं लागतं.

चौथी पायरी: बघणं

इथे घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या हातापायांच्या आहेत, ही डोळ्यांची आहे.

क्रम असा ठेवा: उजवीकडे, समोर, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. उजवीकडे दोनदा, कारण डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत तुमच्यावर सगळ्यात आधी येऊन आदळू शकणारी गाडी उजवीकडूनच येते. डावीकडे बघण्यात दोन सेकंद गेले, तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ३३ मीटर जवळ आलेली असते. पहिल्यांदा पाहिलेलं चित्र शिळं झालं.

मान गर्रकन फिरवून उपयोग नाही. नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेते त्या क्षणी मेंदू मधलं चित्र दाबून टाकतो. तसं केलं नाही तर जग सतत फरपटल्यासारखं दिसलं असतं. परिणाम असा की झपकन मान फिरवणाऱ्याला दोन टोकं दिसतात आणि मधला भाग मेंदू अंदाजाने भरतो. त्या मधल्या भागात सायकल असेल तर ती अंदाजात धरलेली नसते. म्हणून प्रत्येक बाजूला नजर दोन-तीन ठिकाणी टेकवा: लांब, मध्ये, जवळ. रस्त्याबरोबर पदपथही बघा.

काचेच्या दोन्ही कडांना छताला आधार देणारे खांब असतात. दिसायला ते हाताच्या पंजाएवढे रुंद, पण डोळ्याजवळ असल्यामुळे काही अंतरावरची आख्खी मोटरसायकल गिळतात. तुम्ही हळू पुढे सरकताय आणि ती तिच्या वेगाने येतेय, असा मेळ बसला तर ती कितीतरी वेळ खांबाच्या आडच राहते. उपाय साधा आणि थोडा वेडगळ दिसणारा: जागेवर पुढे झुका, मागे या, मान डावी-उजवी करा. खांबाआडून काही बाहेर आलं तर कळेल. आपण घुबडासारखे दिसतोय का, ही चिंता सोडून द्या.

दुचाकीबद्दल आणखी एक फसवणूक आहे. लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येतेय असं वाटतं. ट्रक आणि मोटरसायकल एकाच अंतरावर एकाच वेगाने येत असतील तरी आपण ट्रकला घाबरून थांबतो आणि मोटरसायकलच्या पुढून निघतो. त्यामुळे दुचाकी दिसली की तुमच्या अंदाजातून एक-दोन सेकंद वजा करा.

पायी चालणारा कडेला उभा असेल तर तो ओलांडणारच असं धरा. नजरानजर झाली तर उत्तम, पण तो मोबाइलमध्ये असेल तर त्याच्या पायांकडे बघा. पाय आधी हलतात. आणि डावीकडे वळण्यापूर्वी डाव्या आरशात आणि खांद्यावरून एकदा मागे. तुम्ही थांबलात त्या वेळात सायकल तुमच्या आणि पदपथाच्या मध्ये येऊन उभी राहिलेली असू शकते.

पाचवी पायरी: किती मोकळी जागा पुरते?

‘मोकळं आहे’ म्हणजे किती, याचं उत्तर मीटरपेक्षा सेकंदांत सोपं पडतं. चौकांची आखणी करणारे अमेरिकी अभियंते दोन लेनच्या सपाट रस्त्यासाठी, थांबलेल्या साध्या मोटारीकरता जे वेळ धरतात ते असे: सरळ ओलांडायला किंवा जवळच्या बाजूला वळायला सुमारे ६.५ सेकंद, आणि पलीकडच्या बाजूला वळायला सुमारे ७.५ सेकंद. दोन लेनपेक्षा रुंद रस्ता असेल तर जास्त. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या हिशेबात साडेसात सेकंद म्हणजे १२५ मीटर, ८० किलोमीटरला १६७ मीटर. अंदाज करायला एक युक्ती आहे: आडव्या रस्त्यावर सव्वाशे मीटरच्या आसपासचा एखादा खांब किंवा झाड मनात पक्कं करा. तिथून गाडी निघाल्यापासून तुमच्यासमोर येईपर्यंत मोजा. दोन-तीन गाड्या मोजल्यात की त्या रस्त्याचा वेग कळतो.

नव्या चालकाने यावर आणखी दोन सेकंद ठेवावेत, कारण गाडी बंद पडण्याची शक्यता हिशेबात धरलीच पाहिजे. आडव्या रस्त्याच्या मधोमध इंजिन बंद पडल्यावर हात थरथरतात, किल्ली सापडत नाही. दोन सेकंदांची उधारी आधीच बाजूला काढलेली बरी.

पलीकडे वळणं, म्हणजे डाव्या वाहतुकीत उजवीकडे वळणं, सगळ्यात अवघड. उजवीकडून येणारी लेन पार करायची आणि डावीकडून येणाऱ्या लेनमध्ये मिसळायचं. दोन्ही एकाच वेळी मोकळ्या हव्यात. अर्ध्यावर जाऊन उरलेलं बघू, हा विचार मध्ये पुरेशी रुंद जागा असल्याशिवाय करू नका. रहदारी दाट असेल तर सरळ डावीकडे वळा आणि पुढे सोयीच्या जागी फिरून या. त्यात कमीपणा काही नाही.

निघताना मात्र रेंगाळू नका. निर्णय झाला की ठाम निघा. अर्धवट निघून पुन्हा ब्रेक दाबणारी गाडी सगळ्यांना बुचकळ्यात पाडते.

चारही बाजूंना स्टॉप असेल तर

ही पद्धत अमेरिका, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेत सर्रास दिसते. मूळ नियम सोपा: जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी निघतो. म्हणून चौकाजवळ येतानाच कोण कोण थांबलंय ते मनात नोंदवा. थांबल्यावर आठवत बसलात तर क्रम चुकतो.

दोघं एकदम पोचले तर? अमेरिकेत डावीकडच्याने उजवीकडच्याला वाट द्यायची. बाजू उलट करून वाचणाऱ्यांना सुरुवातीला सांगितलं होतं तो अपवाद हाच: अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि तरीही मान उजवीकडच्याचाच, त्यामुळे हा नियम आरशात धरू नका. तुमच्या भागात काय आहे ते तिथल्या परवान्याच्या पुस्तिकेत बघून ठेवा. समोरासमोरचे दोघे एकदम आले आणि दोघंही सरळ जाणार असतील तर दोघंही एकदम जाऊ शकतात. एक सरळ आणि दुसरा त्याच्या वाटेला छेद देऊन वळणार असेल तर सरळ जाणारा आधी.

चौघेही एकदम आले की ‘आधी तुम्ही, नाही तुम्ही’ सुरू होतं. अशा वेळी थोडं थांबा, कुणीतरी हलेल. पण कुणी हात दाखवून ‘जा’ म्हटलं तरी ती परवानगी फक्त त्याची. त्याच्या शेजारच्या लेनमधून येणाऱ्याने ती दिलेली नाही. हात दिसला तरी पुन्हा स्वतः बघायचं. आपला क्रम आहे म्हणून चौकात घुसणारा दुसरा कुणी दिसला तर त्याला जाऊ द्या.

सिग्नलचा लाल दिवा उघडझाप करत असेल तर अमेरिकेत तो स्टॉपची पाटीच मानतात. तिथल्या आणि कॅनडातल्या पिवळ्या शाळाबसच्या बाजूला अष्टकोनी पाटी बाहेर उघडते. ती उघडी आहे तोवर थांबूनच राहायचं, ‘थांबून मग निघायचं’ हा हिशेब तिथे लागू नाही. रस्त्याच्या कामावरच्या माणसाने हातात धरलेल्या पाटीचंही तसंच.

पुढे गाडी असताना

हा अपघात इतका साधा आहे की त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तुमच्या पुढे एक गाडी पाटीपाशी थांबलीय, तिच्या मागे तुम्ही. आडवा रस्ता मोकळा दिसतो, पुढची गाडी हलते. तुम्ही उजवीकडे बघता, मोकळंच आहे, म्हणून अॅक्सिलरेटर दाबता. पुढच्याने मात्र दोन मीटर जाऊन विचार बदललेला असतो आणि तो पुन्हा थांबलाय. तुमची नजर उजवीकडे, पाय पुढे, आणि बंपर त्याच्यात.

पुढची गाडी प्रत्यक्ष वळून गेलेली दिसेपर्यंत आडव्या रस्त्याकडे बघूच नका. ती गेली की रेषेपर्यंत सावकाश या, आणि स्वतंत्रपणे पुन्हा पूर्ण थांबा. तिच्या मागे थांबलात ते तुमचं थांबणं धरलं जात नाही. तिच्या शेपटीला धरून चौक पार करणं तर नकोच. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. चढावर ती मागे घरंगळू शकते.

चढावर तुम्हीही घरंगळू शकता. तिथे हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पकड घेईपर्यंत सोडा. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला आणि नाक उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. उजवी-डावी नजर हँडब्रेक सोडण्याच्या आधीची आणि ताजी हवी.

मागून हॉर्न वाजला की नव्या चालकाच्या पोटात गोळा येतो आणि हात आपोआप गिअरकडे जातो. मागच्याला तुमच्या जागेवरून काय दिसतं हे ठाऊक नाही. तो तुमची डिकी बघून हॉर्न वाजवतोय. त्याला आरशात एकदा बघा आणि पुन्हा उजवीकडे बघायला लागा.

सराव कसा करावा

पहिले आठ दिवस कमी रहदारीचा, पाटी असलेला एकच चौक निवडा आणि दिवसाउजेडी वेगवेगळ्या वेळी तिथून जा: सरळ, डावीकडे, उजवीकडे. शेजारी अनुभवी माणूस असेल तर त्याने सूचना देऊ नयेत. तुम्हीच मोठ्याने बोलत गाडी चालवा. ‘आरसा, ब्रेक, रेषा, थांबलो. उजवीकडे पांढरी गाडी, लांब. समोर कुणी नाही. डावीकडे सायकल. पुन्हा उजवीकडे, गाडी गेली. निघतोय.’ तोंडाने जे म्हणता येत नाही ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, हे शेजारच्याला लगेच कळतं. मग संध्याकाळी दिवे लागल्यावर तोच चौक, आणि शेवटी पावसात. रात्री दिव्यांवरून अंतर कळत नाही, त्यामुळे ठेवलेल्या दोन जादा सेकंदांचे तीन करा. पावसात बाजूच्या काचा पुसून घ्या. पुढचा वायपर चालू असतो म्हणून लोक बाजूच्या काचा विसरतात, आणि पाटीपाशी बघायचं असतं ते बाजूच्याच काचांतून.